एचबेसच्या शेलमधून जुना डेटा काढताय? या चुका टाळा

"दादा, पाच व्हर्जन्स मागितली तरी एकच येतंय." इंदूरमध्ये मी ज्यांना ज्यांना एचबेस (अवाढव्य टेबलं सांभाळणारा डेटाबेस) शिकवलं, त्यांतल्या जवळपास प्रत्येकाने हे वाक्य मला ऐकवलंय, तेही नेमकं मी जेवायला बसलो की.

व्हर्जन्स म्हणजे एकाच सेलची नवी-जुनी मूल्यं. गेटमध्ये, म्हणजे रो वाचायच्या कमांडमध्ये, आकडा वाढवला म्हणून जुनं मूल्य उगवत नाही. कॉलम फॅमिलीने (कॉलमांच्या गटाने) जितकी व्हर्जन्स ठेवलीत, तितकीच मिळणार. एचबेस ०.९६ च्या आधी फॅमिली आपणहून ३ ठेवायची. तिथून पुढे १ च ठेवते. जुनी ट्यूटोरियलं वाचून थेट हात मारणारे इथेच फसतात. मी शेलमध्ये (कमांड टाइप करायच्या जागी) शिरलो की आधी डिस्क्राइब, म्हणजे टेबलाची मांडणी दाखवणारी कमांड. व्हर्जन्स बघतो, टीटीएल बघतो (डेटा किती वेळ ठेवायचा तो आकडा, सेकंदांत असतो), मग गेट.

आता माझी सगळ्यात नावडती चूक. गाड्यांचा माग ठेवणाऱ्या एका कंपनीचं काम होतं. शनिवारी दुपारी कुणीतरी चुकीची स्क्रिप्ट चालवली आणि भाड्याचे दर एका फटक्यात बदलले. फॅमिलीला व्हर्जन १. टेबल सांभाळणारा पोरगा हुशार, पण धीर अजिबात नाही. त्याने अल्टर (मांडणी बदलणारी कमांड) करून व्हर्जन्स ५ केली. इथवर ठीक होतं, उलट फायद्याचं होतं, कारण जुने सेल फाइलींत पडून असले तर आकडा वाढवल्यावर ते पुन्हा दिसू शकतात. पण पठ्ठ्याने दम न धरता त्याआधीच हाताने मेजर कॉम्पॅक्शन (सगळ्या फाइली एकत्र करून नव्याने लिहिणं) चालवलं होतं. का? "सगळं नीट बसेल असं वाटलं, भिया." बसलं की! जादा व्हर्जन्स कायमची बाहेर टाकणं हेच तर कॉम्पॅक्शनचं काम. दर शेवटी छापील बिलांवरून दोन दिवस बसून भरले. त्यातला एक रविवार माझा होता, आणि त्या सकाळचे पोहे-जिलेबी मी अजून विसरलेलो नाही.

कॉम्पॅक्शन आपणहूनही होतं; मेजरची ठरलेली मुदत साधारण ७ दिवसांची, आणि मायनरसुद्धा (थोड्याच फाइलींचं कॉम्पॅक्शन) हाताशी आलेल्या फाइलींतली जादा व्हर्जन्स उडवतं. म्हणून घोळ कळला की मी आधी त्या रोचा रॉ स्कॅन (काही न गाळता केलेलं वाचन) घेतो: रॉ चालू, व्हर्जन्स १०, सुरुवातीची रो की (रोची ओळख) दिलेली, लिमिट १. रॉ स्कॅन फॅमिलीची मर्यादा जुमानत नाही, डिलीटच्या खुणाही दाखवतो. मात्र त्यात कॉलम नेमून देता येत नाही, त्यामुळे अख्खी रो सोसावी लागते. आलेलं सगळं आधी फाइलीत उतरवून ठेवतो. स्नॅपशॉट (टेबलाची त्या क्षणाची प्रत) त्यानंतर. आधी घेतला तर तो मेमस्टोअर (मेमरीतला डेटा) फ्लश करतो, म्हणजे फाइलींत उतरवतो, आणि फ्लशमध्येही जादा व्हर्जन्स गळतात. हा क्रम मला कुणी शिकवला नाही, हात पोळून आलाय.

वेळेचा घोळ त्याहून किरकोळ, पण रोजचा. टाइमस्टॅम्प (मूल्यावरचा वेळेचा शिक्का) मिलिसेकंदांत असतो. लिनक्सच्या डेट कमांडने सेकंद काढून तेच चिकटवलेत तर १९७० सालात शोधत बसाल. इंदूरचे सकाळचे १० म्हणजे यूटीसीचे (जागतिक प्रमाणवेळेचे) ४:३०. आणि टाइमरेंजमधली (शोधायच्या वेळेच्या टप्प्यातली) शेवटची वेळ धरली जात नाही, म्हणून मी पुढे मिनिटभर जास्त घेतो.

रो कीमध्ये बायनरी बाइट असतील तर दुहेरी अवतरणचिन्हं वापरा. एकेरीत शेल ते अक्षरशः घेतं.

टेबलाच्या नावात कॅपिटल-स्मॉल जसंच्या तसं.

स्कॅनला लिमिट द्यायला विसरलात आणि पडद्यावर पूर आला, तर कंट्रोल-सी दाबा. मला फोन करू नका.