अमेरिकेत डीओ करायचंय? मग प्रश्न बदला

अमेरिकेत प्री-मेड, म्हणजे मेडिकलला जाण्याआधीची डिग्री, करणारी मराठी मुलं आणि त्यांचे आईबाबा मला भेटले की पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) म्हणजे खरा डॉक्टर असतो का? हो, असतो, पूर्ण डॉक्टर असतो. औषधं लिहून देतो, ऑपरेशन करतो, आयसीयू सांभाळतो, पन्नासही राज्यांत प्रॅक्टिस करू शकतो. मी डीओ आहे, सध्या फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे डिग्रीनंतरचं हॉस्पिटलातलं ट्रेनिंग, करतेय, आमच्याकडे एमडी (अमेरिकेत ही डॉक्टरची मूळ डिग्री) झालेले, डीओ झालेले आणि भारतातून एमबीबीएस करून आलेले असे सगळे एकत्र आहेत आणि नाइट ड्युटी सगळ्यांना सारखीच लागते. घरी कोणाला अजून पटत नसेल तर सांगा, ट्रंप यांच्या पहिल्या टर्ममधले व्हाइट हाउसचे डॉक्टर शॉन कॉन्ली आणि बायडन यांचे डॉक्टर केविन ओकॉनर, दोघंही डीओ.

पण हा प्रश्न येतो त्याला कारण आहे. युरोपात किंवा ऑस्ट्रेलियात ऑस्टिओपॅथ म्हणजे हाताने उपचार करणारा थेरपिस्ट, तो फिजिशियन नसतो. आपल्याकडेही फिजिओथेरपिस्ट लोकांसाठी ऑस्टिओपॅथीचे कोर्स असतात, ते करून अमेरिकेत डॉक्टर होता येत नाही. त्यामुळे पुण्यातल्या नातेवाईकांनी 'म्हणजे हाडवैद्य का गं?' असं विचारलं तर चिडू नका, शांतपणे समजावून सांगा.

सुरुवात मात्र खरंच हाडांपासून झाली. अँड्र्यू टेलर स्टिल नावाचा डॉक्टर, १८६४ मध्ये मेनिंजायटिसने त्याची तीन मुलं गेली आणि त्या काळातल्या औषधांवरचा त्याचा विश्वासच उडाला. त्या काळी पाऱ्याची औषधं द्यायचे, आज वाचून अंगावर काटा येतो. १८७४ मध्ये त्याने ऑस्टिओपॅथीची कल्पना मांडली आणि १८९२ मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिलला कॉलेज काढलं, पहिल्याच बॅचला बायकाही होत्या, ही गोष्ट मला फार आवडते. पूर्ण मान्यता मिळायला मात्र खूप वर्षं गेली, शेवटचं राज्य मिसिसिपी, १९७३. आणि २०२० पासून एमडी-डीओच्या रेसिडेन्सी एकाच व्यवस्थेखाली आल्यात.

ॲडमिशनचं थोडक्यात सांगते. बारावीनंतर थेट जाता येत नाही, आधी चार वर्षांची डिग्री, त्यात बायोलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स, मग एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा. फॉर्म आकोमास नावाच्या पोर्टलवरून भरायचा, टेक्सासच्या सरकारी कॉलेजांचं पोर्टल वेगळं आहे. डीओला मिळालेल्या मुलांचा सरासरी एमकॅट साधारण ५०४ च्या आसपास असतो, एमडीचा ५११-५१२, म्हणून लोक डीओला 'बॅकअप' म्हणतात. तुम्ही मनात काहीही ठरवा पण इंटरव्ह्यूला तसं वाटत असेल तर ते लगेच दिसतं. एखाद्या डीओ डॉक्टरसोबत शॅडोइंग करा, म्हणजे त्यांच्यासोबत राहून काम बघा, बरीच कॉलेजं डीओचं शिफारसपत्र मागतात किंवा असलं तर त्यांना आवडतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुम्हाला हे काम आवडतंय का ते तुम्हालाच कळतं. आणि ज्यांचं भारतात एमबीबीएस झालंय त्यांनी डीओच्या वाटेला जाऊच नका, तुमच्यासाठी यूएसएमएलई (अमेरिकेतली डॉक्टरी लायसन्सची परीक्षा) देऊन सरळ रेसिडेन्सीला अर्ज करायचा रस्ता आहे.

आता आमचा वेगळा विषय, ओएमएम, म्हणजे हाताने तपासणं आणि उपचार करणं. बाकीचा सगळा अभ्यास एमडीसारखाच, ॲनाटॉमी, फार्मा, पॅथॉलॉजी सगळं, आणि त्याच्यावर हा जादाचा, पहिल्या दोन वर्षांत साधारण २०० तास. लॅबमध्ये एकमेकांवरच प्रॅक्टिस करायची, शॉर्ट्स आणि टी-शर्ट घालून, कधी कधी पाठ उघडी ठेवून. आपल्या मुलींना पहिले काही आठवडे अवघड जातं, पार्टनर बदलून मागता येतो, न लाजता मागा. सुरुवातीला बोटांची जाण यावी म्हणून कागदाखाली केस ठेवून तो चाचपून शोधायचा असतो. मग हळूहळू मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंतला फरक हाताला कळायला लागतो, कुठे ताठरपणा आहे, कुठे दुखतंय, कुठली बाजू कमी वळतेय. कंबरदुखीच्या पेशंटला मी मसल एनर्जी वापरते, पेशंट माझ्या हाताविरुद्ध हलकासा जोर लावतो, मग सैल सोडतो, मग थोडं पुढे वळवायचं, आणि बऱ्याच जणांना टेबलावरून उठतानाच बरं वाटतं. पण स्पष्ट सांगते, सगळ्या टेक्निकना सारखा पुरावा नाही. कंबरदुखीसाठी बऱ्यापैकी आहे, कवटीच्या हाडांची हालचाल जाणवते वगैरे जे शिकवतात त्याला पुरावा फारच कमी, ते परीक्षेपुरतं नीट करा आणि पेशंटला खोटी आशा देऊ नका.

परीक्षा दुप्पट होऊ शकतात, हे आधीच माहीत असू द्या. डीओला कॉमलेक्स, म्हणजे डीओंची स्वतःची लायसन्स परीक्षा, द्यावीच लागते, आणि सर्जरी, ऑर्थो, डर्मासारखं काही हवं असेल तर बरेच प्रोग्रॅम यूएसएमएलईचे मार्क बघतात. दोन्हीकडची पहिली परीक्षा २०२२ पासून फक्त पास-नापास आहे, त्यामुळे सगळा भार दुसऱ्या परीक्षेच्या मार्कांवर आलाय. फॅमिली मेडिसिनला कॉमलेक्सवर भागतं. न्यूरोसर्जरी किंवा प्लास्टिकमध्ये डीओंना अजूनही कमी घेतात, हे खरं आहे आणि ते लपवून उपयोग नाही.

पैसे. खाजगी कॉलेजात नुसती फी वर्षाला ५०-६० हजार डॉलर किंवा त्याच्याही वर जाते, राहणं-खाणं वेगळं. फोर्ट वर्थचं टेक्सास कॉलेज किंवा मिशिगन स्टेट अशा सरकारी ठिकाणी त्या राज्यातल्या मुलांना खूप स्वस्त पडतं. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना ग्रॅड प्लस हे सरकारी लोन मिळणार नाही, फेडरल (केंद्र सरकारचं) कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच, म्हणजे खाजगी कॉलेजात वरची रक्कम कुठून आणायची ते घरी बसून आधी ठरवा. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर फेडरल कर्ज नाहीच, आणि मुळात परदेशी विद्यार्थी घेणारी कॉलेजंही मोजकीच.

पण मला विचाराल तर डीओ की एमडी यापेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी तुम्हाला कुठे पाठवणार? बऱ्याच डीओ कॉलेजांचं स्वतःचं हॉस्पिटल नसतं. दोन वर्षं कॅम्पसवर शिकायचं आणि मग रोटेशनसाठी, म्हणजे एकेका विभागात प्रत्यक्ष काम शिकायला, छोट्या-मोठ्या हॉस्पिटलांत, कधी दुसऱ्याच राज्यात, दर महिन्याला बॅगा भरायच्या. काही ठिकाणी हे फार छान असतं, रेसिडेंट कमी असल्यामुळे डिलिव्हरीला, ऑपरेशनला थेट डॉक्टरांच्या शेजारी उभं राहायला मिळतं. काही ठिकाणी इंटर्नल मेडिसिनचं रोटेशन म्हणजे नुसती एक ओपीडी, ॲडमिट पेशंट बघायलाच मिळत नाही, आणि त्याचा फटका रेसिडेन्सीच्या पहिल्या महिन्यात बसतो, हे मी जवळून बघितलंय. म्हणून इंटरव्ह्यूला जाल तेव्हा टूर देणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलांना नाही, चौथ्या वर्षाच्या मुलांना गाठा, कॉलेज नंबर देत नसेल तर ओळखीतून शोधा. त्यांना विचारा, रोटेशन कॉलेज लावून देतं की स्वतः शोधायला लागतं, किती वेळा घर बदललं, इंटर्नल आणि सर्जरी रेसिडेंट असलेल्या हॉस्पिटलात झालं का, आणि मॅच न झालेल्या, म्हणजे रेसिडेन्सीची जागा न मिळालेल्या, मुलांचं कॉलेजने पुढे काय केलं.