लाईट बिल कसं वाचायचं, आणि कुठल्या युनिटला हात घालायचा

बिल आलं की आपण सगळ्यात आधी खालची रक्कम बघतो आणि कपाळाला हात लावतो. तसं नका करू, आधी युनिट बघा. मी महावितरणच्या घरगुती बिलाबद्दल सांगतोय, मुंबईत बेस्ट, टाटा, अदानीवाल्यांचे दर वेगळे पण गणित साधारण हेच.

चालू रीडिंग वजा मागील रीडिंग म्हणजे तुमचे युनिट. मीटरवर जाऊन आकडा जुळतोय का बघा, दोन मिनिटांचं काम आहे. रीडिंगच्या जागी 'लॉक' किंवा 'फॉल्टी' असलं काही छापलं असेल तर ते बिल सरासरीने काढलेलं असतं. पुढे खरं रीडिंग आलं की सगळे युनिट एकाच महिन्यात धरले नाहीत ना, स्लॅब (युनिट वाढतील तसे दराचे टप्पे) तेवढ्या महिन्यांवर वाटून लावलाय ना हे तपासा, नाहीतर फुकटचा भुर्दंड बसतो. तक्रारीला 1912 आहे.

आता पैसे. स्थिर आकार म्हणजे घर महिनाभर कुलूपबंद असलं तरी द्यायचा तो, कारण वीज घेतली नाही तरी महावितरणला वीज बनवणाऱ्या केंद्रांना कराराप्रमाणे ठराविक पैसे मोजावेच लागतात. वहन आकार हा तारा, खांब, डीपीचा. 2005 ला जुन्या वीज मंडळाचे तुकडे झाले, महानिर्मिती बनवते, महापारेषण मोठ्या लाईनीने आणते, महावितरण घरात देते, आणि दर ठरवतो राज्य वीज नियामक आयोग. इंधन समायोजन आकार मात्र खाली-वर होतो. आपल्याकडे अजून बरीचशी वीज कोळशाची, कोयना कितीही मोठं असलं तरी, त्यामुळे वीज घ्यायचा खर्च वाढला की तो इथून तुमच्यापर्यंत पोचतो (कधीकधी उणेही असतो, तेव्हा कोणी बोलत नाही!). या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क.

खरी गोम स्लॅबमध्ये आहे. 0-100, 101-300, 301-500 आणि त्यावर. लोकांना वाटतं 101 वा युनिट पडला की सगळेच महाग, तसं नाहीये, फक्त वरचे युनिट वरच्या दराने. पण पहिल्या 100 च्या मानाने पुढच्या टप्प्याचा वीज आकार (म्हणजे दर युनिटमागचा विजेचा दर) दुपटीच्या आसपास जातो, म्हणजे तुम्ही जे वाचवता ते कायम सगळ्यात महागडे युनिट असतात. 2000 वॅटचा गीझर अर्धा तास म्हणजे 1 युनिट. साधा पंखा 75 वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा) 30 च्या आसपास, दिवसाला 15 तास फिरला तर महिन्याला 20 युनिट वाचतात. एलईडी बल्ब बंद करा म्हणून घरात भांडत बसण्यापेक्षा गीझरवर लक्ष ठेवा.

टीओडी मीटर (कुठल्या वेळी किती वीज वापरली ते वेगळं मोजणारं) बसलं असेल तर सकाळी 9 ते संध्याकाळी 5 च्या वापरावर सूट आहे का ते बिलात शोधा. दुपारी सोलरची वीज भरपूर असते आणि संध्याकाळी सूर्य गेला की मागणी चढते, म्हणून ही सूट. वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर दुपारी लावा.

शेवटची एक युक्ती, माझी आवडती. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते लिहिलेलं असतं, बऱ्याच मीटरवर 3200. घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रीजचंसुद्धा, पण मेन स्विच चालू ठेवा आणि घड्याळ लावून मोजा. मिनिटाला एक लुकलुक म्हणजे जवळपास 19 वॅट, महिन्याला साडेतेरा युनिट. माझ्याकडे मिनिटाला दोन येत होत्या. एक होता सेटटॉप बॉक्स, ज्याचं बटण टीव्हीमागे म्हणून कोणी बंदच करत नव्हतं, आणि दुसरा जुना इन्व्हर्टर, जो थेट वायरीवर जोडलेला.