लेकरांना चूक-बरोबर शिकवताना या चुका टाळा

लेकराच्या हातून काही चुकलं की ते पहिल्यांदा कोणाकडे बघतं, हे एकदा नीट पाहा. सोलापूरच्या पूर्व भागात मी बरीच वर्षं बालवाडी चालवते. धक्का लागून मित्र पडला, तर काही लेकरं त्या पडलेल्याकडे बघतात. काही मात्र आधी माझ्या हाताकडे बघतात. ही दुसरी लेकरं मनाने वाईट नसतात. चूक म्हणजे मोठ्यांचा राग, एवढंच त्यांच्यापर्यंत पोचलेलं असतं, आणि ते आपणच पोचवलेलं असतं.

नुकसान मोजून रागावणं

आमच्या भागात घरोघरी बायका विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने मिळते, त्यामुळे हात थांबला की पैसा थांबला. एकदा अशाच एका घरी उंबऱ्यावर बसून बोलत होते. साडेतीन वर्षांची पोरगी आईसाठी तांब्या भरून आणायला निघाली, सतरंजीत पाय अडकला आणि सगळं पाणी सुपात. तंबाखूचा लगदा झाला. आईने पाठीत धपाटा घातला. थोड्या वेळाने थोरल्या भावाने मुद्दाम, तिच्याकडे बघत बघत, तिच्या बाहुलीचा हात उपटला. त्याला कोणी काही बोललं नाही, कारण बाहुली जुनीच होती.

त्या आईला मी दोष देत नाही, तिची दिवसाची मेहनत भिजली होती. पण दोन्ही लेकरं त्या दुपारी काय शिकली ते बघा: जास्त पैशांचं नुकसान म्हणजे मोठा गुन्हा, मनात काय होतं त्याला किंमत नाही.

लहान मुलांचा कल तसाही नुकसानीकडेच असतो. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी 1932 साली यावर लिहिलं. ते मुलांना दोन गोष्टी सांगत. एका मुलाने दार ढकललं, मागे कप आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं, 15 कप फुटले. दुसऱ्याने चोरून मुरंबा काढताना 1 कप फोडला. जास्त वाईट कोण? लहान मुलं बहुतेक वेळा 15 कपवाल्याचं नाव घेत, मोठी मुलं हेतू बघत. नंतरच्या संशोधकांना असंही दिसलं की हेतू सोपा करून समोर ठेवला, तर तीन-चार वर्षांची मुलंसुद्धा तो विचारात घेतात. तो समोर ठेवण्याचं काम आपलं. म्हणून ओरडण्याआधी एक प्रश्न विचारा, "काय करायला निघाली होतीस गं?" उत्तर ऐका आणि मग दोघी मिळून पानं निवडायला बसा.

"सॉरी म्हण" एवढ्यावर सोडून देणं

"सॉरी" हा आमच्या वर्गातला सर्वांत स्वस्त शब्द झालाय. चिमटा काढायचा, सॉरी म्हणायचं, पुन्हा चिमटा. त्याऐवजी लेकराला ज्याला लागलंय त्याच्याजवळ न्या. "बघ, त्याचा हात लाल झालाय. त्याला दुखतंय. आता काय केलं तर त्याला बरं वाटेल?" कोणी फुंकर घालतं, कोणी पाणी आणतं, कोणी आपली गाडी पुढे करतं. समोरच्याला काय झालं हे समजावून सांगणाऱ्या पालकांच्या मुलांमध्ये दुसऱ्याबद्दलची कणव जास्त दिसते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन हॉफमन यांनी फार पूर्वी मांडलं आणि पुढे अनेकांना तसंच आढळलं. मात्र सांगणं दोन वाक्यांचं हवं. लांबलचक भाषण तीन वर्षांच्या कानात शिरतच नाही.

उत्तर माहीत असून "कोणी केलं?" विचारणं

भिंतीवर खडू ओढलेला, लेकराच्या हातात खडू, आणि आपण विचारतो, "हे कोणी केलं?" हा प्रश्न नाही, सापळा आहे. लेकरू खोटं बोलतं आणि मग त्या खोट्याचा वेगळा मार खातं. सरळ म्हणा, "भिंतीवर रंगवलंस. ओलं फडकं आण, पुसूया."

तीन-चार वर्षांच्या वयात मुलं खोटं बोलायला लागतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आपल्याला ठाऊक आहे ते समोरच्याला ठाऊक नसतं, हे त्यांना उमगायला लागल्याची ती खूण आहे. मार मात्र उलटा पडतो. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधल्या तीन-चार वर्षांच्या मुलांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. एका शाळेत छडी आणि चापटी रोजची, दुसरीत नाही. मार देणाऱ्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली आणि ते खोटं जास्त सफाईने निभावलं. आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा 2009 ने शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी घातली. घरात मात्र "दोन लगावल्याशिवाय सुधारत नाही" अजून चालूच आहे.

लेकरांनी खोटं बोलू नये म्हणून आपण 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट सांगतो. 2014 च्या एका अभ्यासात तीन ते सात वर्षांच्या मुलांना ही गोष्ट ऐकवली, तिचा त्यांच्या खरेपणावर परिणाम दिसला नाही. झाड तोडल्याचं कबूल करणाऱ्या आणि वडिलांनी त्याबद्दल जवळ घेतलेल्या मुलाची गोष्ट ऐकलेली मुलं मात्र जास्त खरं बोलली. खरं बोलल्यावर पुढे काय होतं, हे लेकराला दिसायला हवं.

सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेतलं एक उदाहरण सांगते. यात्रेच्या होम मैदानावरून घरी आल्यावर चार वर्षांच्या मुलाच्या खिशातून एक भोवरा निघाला. विकत कोणीच घेतलेला नव्हता. आजी म्हणाली, "पोलीस धरून नेतील." बाबा म्हणाले, "जाऊ दे, पाच-दहा रुपयांचा तर आहे." आईने मला विचारलं, तेव्हा मी एवढंच म्हटलं की दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन परत जा, आणि बोलू त्यालाच द्या. ती गेली. पोराने मूठ उघडली, भोवरा पुढे केला, तोंडातून शब्द फुटेना. दुकानदार बाई गुडघ्यावर बसल्या, म्हणाल्या, "बरं झालं बाळा आणलास. माझा एक कमी भरत होता." पोलिसाची भीती दाखवली असती, तर भोवरा पुढच्या वेळी आणखी खोल खिशात गेला असता. त्या दिवशी त्याला कळलं की भोवऱ्यामागे एक माणूस असतं आणि रात्री ते मोजदाद करतं.

सगळे नियम एकाच आवाजात सांगणं

चप्पल घालून स्वयंपाकघरात जाऊ नको, डाव्या हाताने घेऊ नको, बहिणीला मारू नको: तिन्हीला तोच आवाज, तेच डोळे. लेकरांना यातला फरक आपल्यापेक्षा लवकर कळतो. तीन वर्षांच्या आसपासची मुलंसुद्धा रीत आणि इजा वेगळी करतात, हे मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ स्मेटाना यांच्या 1981 च्या अभ्यासात दिसलं. घरी विचारून बघा: "टीचर म्हणाल्या चालेल, तर जेवताना उभं राहिलं तर चालेल?" बहुतेक जण हो म्हणतील. "टीचर म्हणाल्या चालेल, तर मारलं तर चालेल?" नाही म्हणतील. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशी घरं एकाच गल्लीत असतात आणि रीती घरागणिक बदलतात. दुखणं मात्र सगळ्या घरांत सारखंच. त्यासाठीचा गंभीर आवाज त्यासाठीच राखून ठेवा.

प्रत्येक चांगल्या वागण्याला चॉकलेट

वीस महिन्यांची मुलं आपणहून मदत करतात. पण मदतीबद्दल वस्तू मिळालेली मुलं पुढे वस्तूशिवाय कमी मदत करतात, असं वार्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांना 2008 मध्ये आढळलं. "तू डबा उघडून दिलास, तिला जेवता आलं," एवढं बोललं तरी पुरतं. खाऊ वाटून घेण्याचंही तसंच. हातातून हिसकावून वाटायला लावू नका, "देतोस का तुझ्याजवळ ठेवतोस?" असं विचारा. तीन-चार वर्षांच्या मुलाला वाटून घ्यावं हे ठाऊक असतं, तरी हात सुटत नाही. तो सुटायला आणखी काही वर्षं जातात.

आणि एसटीत कंडक्टर आला की "पाच पूर्ण नाही झाले म्हण" असं कानात सांगू नका. अर्ध्या तिकिटाचे पैसे वाचतील, पण वर्षभराचं शिकवलेलं तिथे बसल्याजागी वाहून जातं.

एवढं करूनही लेकरू मारतच असेल तर

आधी झोप आणि भूक बघा. घरात नवं बाळ आलंय का, कोणी त्याला मारतंय का, ते बघा. मग बोलणं बघा. बोलायला उशीर होतोय असं वाटलं, तर बालरोगतज्ज्ञांकडे जायला लाजू नका.

आमच्याकडे एक मुलगा रोज कोणाला तरी चावायचा. महिनाभर समजावलं, काही फरक नाही. मग लक्षात आलं, घरी त्याच्याशी फक्त तेलुगू बोलतात आणि हवी ती वस्तू मागायला त्याच्याजवळ मराठी शब्दच नाही. मी बाकीच्या मुलांना तेलुगूतलं "नाकु इव्वु" म्हणजे "मला दे" हे शिकवलं, त्याला "मला दे" शिकवलं. दोन-तीन दिवस तो दोन्ही भाषांत एकदम ओरडायचा. पंधरवड्यात चावणं जवळजवळ थांबलं.