संपादक, खासदार, गव्हर्नर: कार्लोस लासेर्दा यांच्यावर लेख लिहिताना

ब्राझीलचे कार्लोस लासेर्दा (१९१४-१९७७) यांच्यावर लिहायला घेतलं की पहिली चूक आराखड्यातच होते. वर ‘पत्रकारिता’, खाली ‘राजकीय कारकीर्द’, असे दोन कप्पे पाडले जातात आणि मग १९५४ साल कुठे घालायचं तेच कळत नाही. त्या वर्षी ते एकाच वेळी दैनिकाचे मालक-संपादक आणि संसदेचे उमेदवार होते. त्यामुळे कप्पे नकोत, एकच कालपट करा.

तक्त्यात चार रकाने पुरतात: तारीख, तेव्हा ते कुठल्या वृत्तपत्रात होते, हाती कुठलं पद होतं, माहिती कुठून घेतली. चौथा रकाना रिकामा असेल तर ती नोंद लेखात घ्यायची नाही. पंचवीस-तीस नोंदी जमल्या की बाराशे शब्दांच्या लेखाला भरपूर होतं.

सुरुवात जेतुलिओ वार्गास फाउंडेशनच्या ऐतिहासिक चरित्रकोशापासून करा. तो जालावर मोफत आहे आणि पदांच्या तारखांसाठी भरवशाचा आहे. (ज्यांच्याविरुद्ध लासेर्दा वर्षानुवर्षं लढले त्या राष्ट्राध्यक्ष वार्गास यांच्याच नावाची ही संस्था, हा योगायोग गंमतीचा.) त्यानंतर ब्राझीलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं डिजिटल वृत्तपत्र-दालन उघडा. तिथे जुने अंक शब्दानुसार शोधता येतात. नुसतं ‘लासेर्दा’ टाकलं तर मात्र अख्खं घराणं समोर येतं: आजोबा सेबास्तियांव सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, वडील मौरिसिओ राजकारणी, काका पाउलो आणि फेर्नांदो कम्युनिस्ट पुढारी. पूर्ण नाव टाका आणि दशक ठरवून शोधा. पुसट छपाईमुळे यंत्र अक्षरं चुकीची वाचतं, तेव्हा शोध रिकामा आला म्हणजे बातमी नव्हती असं समजू नका. त्या तारखेचा अंक उघडून पहिलं पान स्वतः पाहा. सकाळच्या दैनिकात आदल्या दिवशीची घटना असते, तर लासेर्दांचं ‘त्रिबूना दा इंप्रेन्सा’ दुपारचं पत्र होतं. तारखा एका दिवसाने हुकतात त्या बहुधा इथेच.

तरुणपण आटोपशीर ठेवा, दीडशे शब्दांत बसतं. मात्र डावीकडून उजवीकडे झालेला प्रवास त्यात यायलाच हवा. १९३५ मध्ये राष्ट्रीय मुक्ती आघाडी या डाव्या संघटनेच्या सभेत कम्युनिस्ट पुढारी लुईस कार्लोस प्रेस्तेस यांचं नाव मानद अध्यक्षपदासाठी मांडणारा तरुण हाच. १९३९ मध्ये एका लेखावरून कम्युनिस्टांशी त्याचं कायमचं फाटलं. पुढे फेब्रुवारी १९४५ मध्ये ‘कोरेयो दा मान्यां’ या दैनिकात त्यांनी घेतलेली राजकारणी जोझे अमेरिको दे अल्मेइदा यांची मुलाखत छापून आली आणि वार्गास यांच्या हुकूमशाहीतल्या सेन्सॉरशिपला भगदाड पडलं. १९४७ मध्ये ते यूडीएन या वार्गास-विरोधी पक्षाकडून रिओचे नगरसेवक झाले. २७ डिसेंबर १९४९ रोजी त्यांचं स्वतःचं दैनिक निघालं. दैनिकाचं नाव त्यांच्या आधीच्या स्तंभाच्या नावावरूनच आलेलं आहे. हे सांगितलं की स्तंभलेखक, पक्षकार्यकर्ता आणि मालक यांची गुंफण वाचकाला आपोआप दिसते.

खरा वेळ १९५३-५४ ला द्या, लेखाचा निदान चौथा हिस्सा. सामुएल वायनर यांचं ‘उल्तिमा ओरा’ हे वार्गास-समर्थक दैनिक १९५१ मध्ये सुरू झालं. त्याला सरकारी बँक ऑफ ब्राझीलकडून सवलतीची कर्जं मिळाली, असा आरोप लासेर्दांनी लावून धरला आणि १९५३ मध्ये संसदीय चौकशी बसली. वायनर यांचा जन्म ब्राझीलबाहेरचा, म्हणून ते कायद्याने वृत्तपत्राचे मालक होऊच शकत नाहीत, हाही त्याच मोहिमेचा भाग. उलट बाजूने ‘उल्तिमा ओरा’ने लासेर्दांना ‘कावळा’ ठरवलं. म्हणून या दोन वर्षांसाठी कुठलंही विधान एकाच पत्रावरून घेऊ नका. दोन्ही पत्रांत जे सारखं आहे ते सरळ लिहा. जिथे फरक आहे तिथे कोण काय म्हणत होतं ते लिहा.

५ ऑगस्ट १९५४ च्या पहाटे, मध्यरात्र उलटल्यावर, रिओच्या कोपाकबाना भागातल्या तोनेलेरो रस्त्यावर लासेर्दांच्या घराबाहेर गोळीबार झाला. सोबतचे हवाई दलाचे मेजर रुबेन्स वाझ ठार झाले. लासेर्दांच्या पायाला गोळी लागल्याचं नोंदलं गेलं, आणि त्या जखमेवर पुढे शंकाही घेतल्या गेल्या. दोन्ही लिहा, निकाल आपण देऊ नये. तपासाचा धागा राष्ट्राध्यक्ष वार्गास यांच्या अंगरक्षकांचे प्रमुख ग्रेगोरिओ फोर्तुनातो यांच्यापर्यंत गेला. ‘वार्गासांनी हल्ला करवला’ असं लिहिणं मात्र चूक, तसं सिद्ध झालेलं नाही. २४ ऑगस्टला वार्गास यांनी काटेते राजवाड्यात स्वतःवर गोळी झाडून घेतली. आधीचे एकोणीस दिवस तारीखवार मांडा, विशेषणं लागतच नाहीत.

वार्गास यांनी उमेदवार होऊ नये, झाले तर निवडून येऊ नये, आले तर शपथ घेऊ नये, अशा आशयाचं १९५० चं लासेर्दांचं प्रसिद्ध वाक्य सगळीकडे फिरतं. मूळ अंकाचं पान डोळ्यांखालून गेल्याशिवाय अवतरणचिन्हात टाकू नका. त्याच्या तीन-चार आवृत्त्या आढळतात.

ऑक्टोबर १९५४ मध्ये ते खासदार झाले. पुढचा खड्डा ‘ग्वानाबारा’. राजधानी २१ एप्रिल १९६० रोजी ब्राझीलियाला हलली आणि रिओ शहराचं स्वतंत्र राज्य झालं, ते हे ग्वानाबारा. लासेर्दा गव्हर्नर झाले ते याच राज्याचे. शेजारचं रिओ द जानेरो राज्य वेगळं होतं, राजधानी नितेरॉय. दोन्ही १९७५ मध्ये एकत्र आली. त्यामुळे लासेर्दांना ‘रिओ राज्याचे गव्हर्नर’ म्हणू नका. हे पद तिथे थेट मतदानाने मिळतं आणि कारभार त्याच्याच हाती असतो, एवढं एका वाक्यात सांगून टाका, नाहीतर आपला वाचक राजभवनातली व्यक्ती डोळ्यांसमोर आणतो. कामांमध्ये ग्वांदूची पाणीयोजना, फ्लामेंगोचं भरावावरचं उद्यान आणि रेबोसास बोगदा घ्या. त्याच परिच्छेदात झोपडवस्त्या हटवून लोकांना व्हिला केनेडीसारख्या दूरच्या वसाहतींत पाठवणंही घ्या. ते वेगळ्या ‘टीका’ विभागात टाकलं की लेख सरकारी पत्रकासारखा दिसतो.

२४ ऑगस्ट १९६१ च्या रात्री त्यांनी राष्ट्राध्यक्ष जानिओ क्वाद्रोस यांच्यावर दूरचित्रवाणीवरून आरोप केले, आणि दुसऱ्या दिवशी क्वाद्रोस यांनी राजीनामा दिला. ‘म्हणून दिला’ असं जोडू नका. त्या राजीनाम्याच्या कारणांवर आजही वाद आहे.

१९६४ च्या लष्करी उठावाला त्यांचा पाठिंबा होता. पण लष्करी सरकारच्या ऑक्टोबर १९६५ च्या दुसऱ्या संस्थात्मक कायद्याने पक्ष बरखास्त झाले, राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक गेली, आणि त्या पदासाठीची त्यांची उमेदवारीही गेली. मग १९६६-६७ मध्ये जुने वैरी असलेले माजी राष्ट्राध्यक्ष जुसेलिनो कुबिचेक आणि ज्वांव गुलार यांच्याबरोबर त्यांनी लष्करी राजवटीविरुद्ध ‘व्यापक आघाडी’ उभारली. एप्रिल १९६८ मध्ये तिच्यावर बंदी आली. डिसेंबरमध्ये त्यांना अटक झाली, कोठडीत त्यांनी उपोषण केलं, आणि ३० डिसेंबरला राजकीय हक्क दहा वर्षांसाठी गेले. ही मुदत संपण्याआधीच २१ मे १९७७ रोजी त्यांचं निधन झालं.

कुबिचेक (२२ ऑगस्ट १९७६, मोटार अपघात), गुलार (६ डिसेंबर १९७६) आणि लासेर्दा हे तिघेही नऊ महिन्यांत गेले, त्यामुळे घातपाताच्या चर्चा खूप आहेत. तारखा लेखाच्या मजकुरात द्या आणि संशय कोणी, केव्हा व्यक्त केला ते स्वतंत्र वाक्यात. गुलार यांचा मृतदेह २०१३ मध्ये उकरून तपासला गेला आणि विषाचा अंश सापडला नाही, हेही तिथेच नोंदवा.