रुग्णांच्या नोंदी रॅन्समवेअरपासून कशा वाचवाव्यात?

‘चांगला अँटिव्हायरस टाका आणि निर्धास्त राहा’ हा सल्ला दवाखान्यांना आजही सर्रास दिला जातो. मला त्याची चीड येते. रॅन्समवेअर म्हणजे फाइली कुलूपबंद करून त्या सोडवायला खंडणी मागणारा घातक प्रोग्राम. त्यात नोंदी अडकल्या की कुणाला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, कुणाला रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, हे समोरच्या डॉक्टरला कळायला मार्ग उरत नाही. म्हणून हल्ला होणारच असं धरून तयारी करायची.

सोपी कामं आधी उरका. रिसेप्शनवरचा सगळ्यांचा एकच पासवर्ड बंद करून प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या. ईमेलला ओटीपीची जोड द्या. रिमोट डेस्कटॉप (दुरून संगणक चालवायची सोय) थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. रुग्णांच्या याद्या एक्सेलमध्ये काढून डेस्कटॉपवर टाकायची सवय मोडा, कारण चोरीला गेलेली यादी कुठलाच बॅकअप परत आणत नाही. अपडेट पुढे ढकलू नका: मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने इंग्लंडमधल्या रुग्णालयांचं काम ठप्प केलं, तेव्हा ते ज्या फटीतून शिरलं ती बुजवणारं विंडोजचं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं.

आता बॅकअप. सर्व्हरला कायम जोडलेली डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे; रॅन्समवेअर तीही कुलूपबंद करतं. एक प्रत अशी हवीच, जी कॉपी झाली की वायर काढून कपाटात जाते. जुन्या प्रतीही लगेच पुसू नका. आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत १८ मार्च २०२१ रोजी ईमेलमधून आलेली एक एक्सेल फाइल उघडली गेली आणि फाइली कुलूपबंद झाल्या १४ मेला. मधले आठ आठवडे हल्लेखोर आतच होते. तुमच्याकडे फक्त गेल्या आठवड्याची प्रत असेल, तर तिच्यासोबत घुसखोरही परत येऊ शकतो. निदान तीन महिने मागे जाता आलं पाहिजे.

खरी गोम आहे ती रीस्टोरमध्ये, म्हणजे बॅकअपवरून सगळं परत उभं करण्यात. मीही इथेच सर्वांत जास्त झगडलो आहे. ‘बॅकअप यशस्वी’ या हिरव्या संदेशावर अजिबात विसंबू नका. एक रिकामा संगणक घ्या, त्याचं इंटरनेट तोडा आणि कपाटातल्या प्रतीवरून सगळं उभं करून बघा. मग एकेक गोष्ट उघडी पडते. सॉफ्टवेअर चालू असताना डेटाबेसची फाइल नुसती कॉपी केलेली असेल, तर ती उघडेलच याची खात्री नसते. त्यासाठी सॉफ्टवेअरमधलाच बॅकअपचा पर्याय वापरा. एक्स-रे वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि तो कुणाचा ही नोंद डेटाबेसमध्ये असते. दोन्ही एकाच वेळचे नसतील तर नाव आहे पण फोटो नाही, असा घोळ होतो. प्रत एन्क्रिप्ट केलेली (पासवर्डशिवाय वाचता न येणारी) असावीच, पण तिचा पासवर्ड त्याच सर्व्हरवर ठेवला तर ऐन वेळी दोन्ही हातचे जातात. तो कागदावर लिहून दोन वेगळ्या ठिकाणी कुलपात ठेवा. सॉफ्टवेअरची इन्स्टॉल फाइल आणि लायसन्सही तिथेच.

उभं राहिलं की कालचा शेवटचा रुग्ण उघडा, मग दोन वर्षांपूर्वीचा एखादा. ॲलर्जीचा रकाना आणि लॅबचे रिपोर्ट नर्सला तपासायला सांगा. कॉम्प्युटरवाल्याला त्यातली चूक दिसत नाही. किती तास लागले ते लिहून ठेवा. दर तीन महिन्यांनी हे करायलाच हवं, आणि सॉफ्टवेअर बदललं तर त्याच आठवड्यात.

हल्ला झालाच तर नेटवर्कची वायर काढा, वाय-फाय बंद करा आणि घाईघाईने बॅकअपची डिस्क त्या यंत्रांना मुळीच जोडू नका. खंडणी देऊन सुटू असंही समजू नका: आयर्लंडमध्ये हल्लेखोरांनी कुलूप उघडायची किल्ली फुकट दिली, तरी सगळे सर्व्हर मोकळे व्हायला सप्टेंबर उजाडला. तेवढ्या काळात काम कागदावर चालतं, म्हणून कोऱ्या केसपेपरचे गठ्ठे प्रत्येक वॉर्डात आजच ठेवा.