राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र: वही एकच ठेवा

पहिल्या वर्षी माझ्या दोन वह्या होत्या, निळी राज्यशास्त्राची आणि पिवळी समाजशास्त्राची. मतदानावरचा निबंध मी निळीतूनच उतरवला: नोंदणीचे नियम, मतदानाची सक्ती, निवडणूक पद्धत. बाईंनी समासात लिहिलं, "आणि माणसं कुठे गेली?" वय, शिक्षण, वर्ग हे सगळं पिवळ्या वहीत पडून होतं.

म्हणून वही एकच करा आणि पानं प्रश्नांप्रमाणे पाडा. 'कोण मत देत नाही?' या प्रश्नाच्या डाव्या पानावर नियम, उजव्या पानावर माणसं.

मागच्या पानावर दुहेरी अर्थाचे शब्द टिपा. 'संस्था' म्हटलं की राज्यशास्त्राच्या तासाला संसद, न्यायालय. समाजशास्त्राच्या तासाला कुटुंब आणि विवाहसुद्धा. कोणत्या अर्थाने वापरताय, ते उत्तरात आधीच सांगा. माझे गुण इथेही गेलेत.

वाचायला सुरुवात दोन्हीकडे चालणाऱ्या लेखकापासून करा. रॉबर्ट मिशेल्स घ्या. लोकशाहीसाठी झगडणाऱ्या जर्मन सोशल डेमोक्रॅटिक पक्षातच सूत्रं मूठभरांच्या हाती कशी जातात, हे त्याने १९११ मध्ये मांडलं. पगारी पदाधिकारी, त्यांच्याकडे साठलेली माहिती, त्यांच्यावर विसंबलेले सभासद... वाचताना मला आमचं विद्यार्थी मंडळच दिसत होतं.

संख्याशास्त्र मात्र टाळू नका. मी टाळलं, आणि तिसऱ्या वर्षी रडले. विल्यम रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाने १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून एक गंमत दाखवली. परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत साक्षरताही जास्त होती. म्हणजे स्थलांतरित जास्त साक्षर? उलट! एकेक माणूस पाहिला तर त्यांच्यात निरक्षरता जास्त होती. ते राहायला गेले होते साक्षर राज्यांत, इतकंच. मतदारसंघाचे आकडे पाहून 'अमुक गटाने तमुक पक्षाला मत दिलं' असं लिहायचा मोह होईल, तेव्हा हे आठवा.

राहिला व्यवहार. दोन विभाग तारखा एकमेकांना विचारून ठरवत नाहीत. सत्राच्या पहिल्या आठवड्यातच दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवून निबंध एकाच दिवशी येतायत का बघा, आणि येत असतील तर मुदत तेव्हाच मागा. आदल्या रात्री मागितली की कुणी देत नाही.