सीबीनॅट आणि ट्रूनॅट: टीबीच्या तपासणीत या चुका टाळा

सीबीनॅट आणि ट्रूनॅट या नमुन्यात टीबीच्या जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या, मशीनवर होणाऱ्या चाचण्या. सीबीनॅट निगेटिव्ह आली, म्हणजे टीबी नाही, असं समजून महिना-महिना खोकत घरी बसणारे रुग्ण आजही येतात. चौकशी केली की बहुतेकदा एकच गोष्ट निघते: डबीत बेडका गेलाच नव्हता, नुसती लाळ गेली होती. मशीन जिवाणूचा डीएनए शोधतं आणि ते काम चोख करतं. पण डबीत जे नाही ते त्याला सापडणार नाही. म्हणून मशीनच्या आत काय बिघडलं यापेक्षा नमुना मशीनपर्यंत पोहोचेपर्यंत काय झालं आणि रिपोर्ट हातात आल्यावर त्याचा अर्थ कसा लावला गेला, याकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

डबी हातात देऊन मोकळं होणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ओपीडीत गर्दी असते. कुणीतरी डबी पुढे करतं, "यात थुंकून आणा" म्हणतं, आणि रुग्ण पाच मिनिटांत पातळ, फेसाळ लाळ घेऊन परत येतो. त्याचं काहीच चुकलेलं नसतं, त्याला सांगितलं तेच त्याने केलं. त्याऐवजी दोन मिनिटं काढून सांगा: "काका, आधी साध्या पाण्याने चूळ भरा. मग दोन-तीनदा खोल श्वास घ्या, जरा रोखून धरा आणि पोटातून जोरात खोका. छातीतून घट्ट येईल ते डबीत टाका." खोकणं उघड्या हवेवर व्हावं. वॉर्डात, संडासात किंवा दहा माणसं बसली आहेत अशा व्हरांड्यात नको.

नमुना २ ते ५ मिली हवा, म्हणजे साधारण अर्धा ते एक चहाचा चमचा. घट्ट, पिवळसर किंवा हिरवट बेडका चांगला. सकाळी उठल्या उठल्या येणारा सहसा सगळ्यात उपयोगी, कारण रात्रभर साठलेलं बाहेर पडतं. अन्नाचे कण दिसत असतील तर नमुना परत मागवा. लहान मुलांना बेडका काढता येत नाही, तिथे जठरातून काढलेला द्रव किंवा शौचाचा नमुना चालतो. पण लाळ पाठवून 'निगेटिव्ह'चा कागद मिळवण्यात कुणाचंच भलं नाही.

एक बारीक पण घातक गोष्ट: नाव आणि नंबर डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नाही. टेबलावर चार डब्या एकदम उघडल्या की झाकणांची अदलाबदल व्हायला क्षण पुरतो, आणि मग एकाचा टीबी दुसऱ्याच्या नावावर चढतो.

फॉर्मेलिनमधला तुकडा

गाठीचा किंवा फुप्फुसाचा तुकडा काढला की सवयीने तो फॉर्मेलिनच्या बाटलीत जातो. पॅथॉलॉजीसाठी ते बरोबर आहे, पण त्या तुकड्यावर सीबीनॅट किंवा कल्चर (जिवाणू वाढवून बघणं) नीट होत नाही. तुकड्याचे दोन भाग करा. एक फॉर्मेलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये. हे ऑपरेशन थिएटरमध्ये आधीच सांगून ठेवावं लागतं. शस्त्रक्रिया उरकल्यावर आठवलं तर त्या रुग्णाला पुन्हा सुईखाली जावं लागतं, आणि ते टाळणं पूर्णपणे आपल्या हातात असतं. छातीतल्या पाण्याबद्दलही हे माहीत असू द्या: त्यात जिवाणू फार थोडे असतात. तिथे निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबून राहू नका.

नमुना लगेच पाठवता येत नसेल तर २ ते ८ अंशांवर ठेवा. मे महिन्यात विदर्भातल्या एखाद्या उपकेंद्राच्या खिडकीत डबी दिवसभर उन्हात पडली, तर नंतर कितीही चांगलं मशीन असलं तरी उपयोग नाही. झाकण घट्ट, तीन थरांचं पॅकिंग आणि सोबत भरलेला फॉर्म. डब्या पोहोचवणाऱ्या आशाताईंना हे एकदा नीट करून दाखवा, नुसता कागद देऊ नका.

लॅबमधली घाई

सीबीनॅटमध्ये एक भाग बेडका आणि दोन भाग सॅम्पल रिएजंट, म्हणजे नमुना पातळ करणारं द्रावण. जोरात हलवा, १५ मिनिटं थांबा, आणि मधे, ५ ते १० मिनिटांच्या दरम्यान, पुन्हा एकदा हलवा. हे मधलं हलवणं कामाच्या गडबडीत नेमकं राहून जातं. १५ मिनिटांनंतरही तारा सुटत असतील, गुठळ्या दिसत असतील तर आणखी ५-१० मिनिटं द्या. चिकट नमुना तसाच कार्ट्रिजमध्ये (मशीनमध्ये बसवायच्या, एकदाच वापरायच्या डबीत) घातला की आतला फिल्टर तुंबतो, दाब वाढतो आणि स्क्रीनवर एरर २००८ येतो. तो दिसला की मशीनला बोल लावण्याआधी नमुन्याकडे बघा.

ड्रॉपरवरच्या खुणेपर्यंत बरोबर २ मिली घ्या आणि हवेचा बुडबुडा जाऊ देऊ नका. ५००६, ५००७ यांसारखे प्रोब चेकचे (चाचणीआधी मशीन कार्ट्रिजमधली रसायनं तपासतं, त्याचे) एरर बरेचदा कमी-जास्त मात्रेमुळे किंवा कार्ट्रिज नीट न साठवल्यामुळे येतात. कार्ट्रिज २ ते २८ अंशांत राहायला हवीत. लॅबचा एसी बंद आणि खोके भिंतीशी रचलेले, असं चित्र उन्हाळ्यात दिसलं तर लगेच बोला. एरर दर महिन्याला मोजा. ३ टक्क्यांच्या वर गेले तर कुठल्या मॉड्यूलवर (मशीनच्या कप्प्यात), कुणाच्या पाळीत, कार्ट्रिजच्या कुठल्या लॉटमध्ये, हे शोधा. एकाच मॉड्यूलवर येत असतील तर दोष बहुधा मशीनचा, सगळीकडे विखुरलेले असतील तर पद्धतीचा.

'इनव्हॅलिड' वेगळं. त्यात चाचणी नीट झाली का हे तपासणारं आतलं कंट्रोलच चाललेलं नसतं. 'नो रिझल्ट' बहुधा वीज गेल्यामुळे किंवा चाचणी मधेच थांबल्यामुळे. यातला कुठलाही निकाल निगेटिव्ह नाही. रुग्णाला तसं सांगणं ही अक्षम्य चूक आहे. चाचणी पुन्हा करा, गरज पडली तर नवा नमुना मागवा.

गोव्यात मुख्यालय असलेल्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅटला जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मान्यता दिली. ते बॅटरीवर चालतं, त्यामुळे वीज बेभरवशाची असलेल्या केंद्रांवर त्याचा फार आधार वाटतो. पण तिथेही सगळं बेडका आधी नीट पातळ होण्यावरच अडतं.

रिपोर्ट वाचताना

सूक्ष्मदर्शकाखाली टीबी दिसायला एका मिलीत साधारण ५,००० ते १०,००० जिवाणू लागतात. सीबीनॅटच्या जुन्या कार्ट्रिजला सुमारे १३० पुरतात, नव्या 'अल्ट्रा' कार्ट्रिजला १६ च्या आसपास. इतकी बारीक नजर असूनही, विशेषतः एचआयव्ही असलेल्यांमध्ये आणि मुलांमध्ये, जिवाणू नजरेतून सुटू शकतो. लक्षणं कायम असतील, वजन उतरत असेल, एक्स-रे बोलत असेल तर चांगला नमुना पुन्हा द्या आणि कल्चर लावा. द्रव माध्यमातलं कल्चर निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस लागतात, म्हणून ते उशिरा नाही, आधीच पाठवा.

टीबीच्या रिफॅम्पिसिन ('रिफ') या औषधाला जिवाणू दाद देतो का, हेही सीबीनॅट सांगते. 'रिफ रेझिस्टन्स इंडिटरमिनेट' याचा अर्थ औषध चालत नाही असा नाही, निर्णय देता आला नाही इतकाच. अल्ट्रामधलं 'ट्रेस' (जिवाणूचा अगदी पुसट अंश) आलं तर रिफॅम्पिसिनबद्दल काहीच कळत नाही. आणि ज्याला आधी टीबी होऊन गेला आहे, त्याच्या 'ट्रेस'कडे सावधपणे पाहा, मेलेल्या जिवाणूंचा डीएनए बराच काळ मागे राहतो. पूर्वी उपचार न घेतलेल्या, प्रतिरोधक (औषधाला दाद न देणाऱ्या) टीबीच्या रुग्णाशी संपर्क नसलेल्या माणसाचा 'व्हेरी लो' (फार थोडे जिवाणू असलेला) नमुना प्रतिरोधक दाखवत असेल तर नव्या नमुन्यावर पडताळा. पण खात्रीचा प्रतिरोधक रिपोर्ट कधीही बाजूला टाकू नका. मुंबईत हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०११ च्या अखेरीस जवळपास कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचे चार रुग्ण नोंदवले होते, हे विसरून चालणार नाही.

दुसरीकडे, 'रिफ रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड' म्हणजे सगळी औषधं चालतात असंही नाही. नेहमीची सीबीनॅट आयसोनियाझिड हे टीबीचं दुसरं औषध तपासत नाही. त्यासाठी एलपीए (लाइन प्रोब असे) ही वेगळी चाचणी लागते. पहिलाच बेडका संपवून टाकला की ती राहून जाते.

रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी सांगणाऱ्या चाचण्यांवर भारतात २०१२ मध्येच बंदी आली. 'टीबी गोल्ड' ही रक्ताची चाचणी वेगळी. ती संसर्ग झाल्याचं सांगते, आजार आत्ता चालू आहे का ते नाही. खोकणाऱ्या माणसाच्या हातात आधी बेडक्याची डबीच द्यायला हवी.

आणि उपचार सुरू झाल्यावर, बरं वाटतंय का हे बघायला पुन्हा सीबीनॅट करू नका. मेलेले जिवाणूही त्यात पॉझिटिव्ह येतात आणि घरचे उगाच घाबरतात. त्या टप्प्यावर सूक्ष्मदर्शकाची तपासणी आणि कल्चर करतात, तेही ठरलेल्या महिन्यांत.